चार्टरने परदेशी जाताय? आधी औषधांची पिशवी उघडा

मी ठाण्याची, कोलबाडला राहते, आणि बारा वर्षं झाली चार्टर जेटवर, म्हणजे भाड्याने घेतलेल्या खाजगी विमानावर, केबिन क्रू म्हणून काम करतेय. नात्यातलं, ओळखीतलं कोणी ना कोणी फोन करून विचारतं की ताई, आमचे साहेब घरच्यांना घेऊन प्रायव्हेट विमानाने दुबईला चाललेत, आजी पण आहेत, औषधांचं काय करायचं. आणि नवीन जॉइन झालेली मुलं-मुली तर रोजच विचारतात. म्हणून एकदाच सगळं बसून लिहितेय, थोडं लांबलंय पण पूर्ण वाचा.

सगळ्यात आधी एक फरक समजून घ्या. एअरलाइनच्या विमानात अडीचशे लोक असतात, त्यात बऱ्याचदा एखादा डॉक्टर सापडतो, आणि तब्येत नाजूक असेल तर एअरलाइन मेडिफ नावाचा फॉर्म भरून घेते, डॉक्टरची सही लागते, काउंटरवरचा माणूसही बघतो की हे आजोबा धापा का टाकतायत. चार्टरमध्ये सहा-आठ पॅसेंजर, दोन पायलट आणि एक मी. मुंबईत कालिन्याला, जिथून प्रायव्हेट विमानं सुटतात, आठ नंबर गेटने आत आलात, पासपोर्ट, सिक्युरिटी, की थोड्या वेळात विमानात. पार्किंग कुठे, जेवण काय, केक कुठल्या फ्लेवरचा हे सगळं विचारलं जातं, पण तब्येत कशी आहे हे मध्ये कोणीच विचारत नाही. ते विचारायचं काम घरीच करावं लागतं, निघायच्या कमीत कमी तीन आठवडे आधी, आणि आफ्रिकेला जायचं असेल तर सहा आठवडे.

काही वर्षांपूर्वी वाशीचं एक कुटुंब सिंगापूरला चाललं होतं, नातीचा पदवीदान समारंभ होता. सत्तरी पार केलेले काका, काळा चष्मा लावून मस्त मूडमध्ये आले. मी सरबत देताना त्यांच्या मनगटावर हॉस्पिटलची हिरवी पट्टी दिसली. विचारलं तर म्हणाले काही नाही गं, डोळ्याचं छोटं ऑपरेशन झालंय, बारा दिवस झाले. मी पट्टी वाचली तर त्यावर स्पष्ट लिहिलेलं की डोळ्यात गॅस आहे, विमानप्रवास नको. पडद्याच्या ऑपरेशनमध्ये काही वेळा डोळ्यात गॅसचा बुडबुडा सोडतात, तो पडद्याला दाबून धरतो आणि गॅसच्या प्रकाराप्रमाणे दोन-तीन आठवड्यांपासून दोन महिन्यांपर्यंत टिकतो. विमान वर गेलं की तो बुडबुडा फुगतो, डोळ्याचं प्रेशर वाढतं आणि दृष्टी कायमची जाऊ शकते. कॅप्टनने दार उघडं ठेवलं, मुलाने सर्जनला फोन लावला, ते फोनवर अक्षरशः ओरडले. काका आणि काकू उतरले, बाकीचे गेले. तिकीट काढून देणाऱ्यापासून गाडी आणणाऱ्यापर्यंत त्या कुटुंबाशी दहा लोक बोलले असतील, घरच्यांनाही ऑपरेशन माहीत होतं, पण विमान आणि डोळा यांचा संबंध कोणाच्या डोक्यातच आला नाही. त्या दिवसापासून मी प्रत्येक ट्रिपच्या आधी ऑफिसला सांगून पॅसेंजरच्या घरी फोन करायला लावते.

हे का होतं ते नीट समजलं की बाकीच्या सूचना पाठ कराव्या लागत नाहीत. लोणावळ्याच्या वर किंवा महाबळेश्वरला वेफर्सचं पाकीट कसं टम्म फुगतं ते पाहिलंय ना, तसंच विमानात होतं. विमान चाळीस हजार फुटांवर असलं तरी आतली हवा दाबून ठेवलेली असते, पण जमिनीसारखी नसते, एअरलाइनमध्ये आतली उंची आठ हजार फुटांपर्यंत जाऊ शकते. आपलं कळसूबाई १६४६ मीटर, म्हणजे साधारण ५४०० फूट, म्हणजे कळसूबाईवर अजून अर्धं कळसूबाई चढवा, तिथे तासन्‌तास बसल्यासारखं आहे. शरीरातला अडकलेला गॅस तिथे जवळपास ३० टक्के फुगतो, आणि धडधाकट माणसाच्याही रक्तातला ऑक्सिजन ९० ते ९३ टक्क्यांपर्यंत उतरू शकतो. ज्यांचा जमिनीवरच ९२ आहे त्यांचं काय होईल बघा. नव्या मोठ्या बिझनेस जेटमध्ये केबिनची उंची चार ते सहा हजार फुटांच्या आसपास ठेवतात, ते वयस्कर लोकांना खूप चांगलं, पण सगळ्या विमानांत तसं नसतं, म्हणून बुकिंग करतानाच ऑपरेटरला केबिन अल्टिट्यूड किती असेल ते विचारा. हा प्रश्न विचारायला लाजायचं काहीच कारण नाही.

तर घरी बसून विचारायचे प्रश्न. गेल्या दोन महिन्यांत कुठलं ऑपरेशन, अगदी दाताचं पण? पोटाचं मोठं ऑपरेशन असेल तर साधारण दहा दिवस, दुर्बिणीचं असेल तर चार-पाच दिवस थांबतात. हार्ट अटॅक येऊन गेलाय का, अँजिओप्लास्टी कधी झाली, छातीत पाणी किंवा हवा झाली होती का? कोणाच्या पायाला नवीन प्लास्टर आहे का, कारण पहिल्या ४८ तासांत बंद प्लास्टर घालून उडायचं तर ते चिरून घ्यावं लागतं, आत सूज वाढली तर पायाचं रक्त अडतं. घरात कोणी गरोदर आहे का, एअरलाइन्स साधारण ३६ आठवड्यांपर्यंत आणि जुळं असेल तर ३२ पर्यंतच घेतात, चार्टरमध्ये कोणी अडवत नाही म्हणून जायचं असं प्लीज करू नका. हिमोग्लोबिन साडेसातच्या खाली असेल तर डॉक्टरला दाखवल्याशिवाय नाही. मालदीवला डायव्हिंग केलं असेल तर एका डाइव्हनंतर किमान १२ तास, जास्त केले असतील तर १८, आणि २४ थांबलात तर उत्तम, शेवटचा दिवस पाण्यात घालवून संध्याकाळी विमानात बसायचं नाही. कोविडमध्ये घेतलेलं ऑक्सिमीटर कपाटात पडलेलं असेल ते काढा, बॅटरी बदला, आजी-आजोबांचं रीडिंग घ्या, जिना चढल्यावर परत घ्या, आणि ते आकडे डॉक्टरला सांगा. ज्यांना ऑक्सिजन लागणारच आहे त्यांची सोय आधी करावी लागते. विमानातली छोटी बाटली साधारण ३१० लिटरची असते, मिनिटाला ४ लिटर लावली तर सव्वा तासात संपली, आणि लंडन नऊ-दहा तासांवर आहे. कॉन्सन्ट्रेटर, म्हणजे हवेतूनच ऑक्सिजन देणारं मशीन, नेत असाल तर फ्लाइटच्या दीडपट वेळ पुरेल एवढ्या बॅटऱ्या घ्या.

आता औषधांची पिशवी. ती केबिनमध्ये, सीटजवळ. हे मी ओरडून सांगते कारण सायटेशन या छोट्या जेटच्या बऱ्याच मॉडेलमध्ये सामानाचा कप्पा बाहेरून उघडतो, एकदा उडालं की तिथे माझा हात पोचत नाही. इन्सुलिन तर सामानात कधीच नको, गोठलं की ते फेकून द्यावं लागतं, आणि बर्फाच्या जेल पॅकला चिकटवून ठेवलं तरी गोठतं, मध्ये रुमाल गुंडाळा. जितके दिवस जाताय त्याच्या दुप्पट गोळ्या घ्या. गोळ्या डबीत काढून ठेवायची आपल्याकडे सवय असते, सकाळ-दुपार-संध्याकाळची रंगीत डबी, ती ठेवा पण मूळ स्ट्रिप पण न्या, आणि डॉक्टरच्या लेटरहेडवर इंग्रजीत चिठ्ठी, त्यात कंपनीचं नाव नाही तर औषधाचं मूळ नाव आणि डोस. नौपाड्यातल्या मेडिकलमधलं ब्रँडचं नाव दुबईच्या फार्मसिस्टला कळत नाही.

आखाती देशात जाताना जरा जास्तच लक्ष द्या. आपल्याकडे पाठदुखीला सर्रास लिहून देतात ती ट्रामाडॉल, खोकल्याच्या औषधातलं कोडीन, झोपेच्या आणि घबराटीच्या काही गोळ्या, हे सगळं यूएईमध्ये नियंत्रित औषधात येतं आणि त्यासाठी तिथल्या सरकारची ऑनलाइन परवानगी आधी घ्यावी लागते. सिंगापूरलाही कोडीन, डायझेपामसारख्या गोळ्यांना परवानगी लागते. जपानमध्ये सर्दीच्या काही गोळ्यांतलं स्यूडोएफेड्रिन ठरावीक प्रमाणाबाहेर चालत नाही आणि एक महिन्यापेक्षा जास्त चिठ्ठीवरची औषधं न्यायची तर आधी कागद करून घ्यावा लागतो. आणि खसखस! औषध नाही, पण लिहितेच. यूएई आणि सौदीत खसखशीवर बंदी आहे. दिवाळीत मुलीकडे अनारसे घेऊन निघालेल्या मावशींना मी कालिन्यालाच डबा ड्रायव्हरकडे परत द्यायला लावला होता, त्या रडवेल्या झाल्या, मला पण वाईट वाटलं, पण प्रायव्हेट विमानाने आलात म्हणून तिथला कस्टम सूट देत नाही.

गोळ्यांच्या वेळेचा घोळ सगळ्यांचाच होतो. दोन-तीन दिवसांची ट्रिप असेल तर बहुतेक डॉक्टर सांगतात की बीपीची, फिटची गोळी मुंबईच्या वेळेनेच घ्या, एक घड्याळ मुंबईच्या वेळेवर ठेवा. इन्सुलिनचं मात्र तसं नाही, पश्चिमेला जाताना दिवस लांबतो म्हणून डोस वाढवावा लागू शकतो, पूर्वेला दिवस आखूड होतो म्हणून कमी, तर विमानाच्या वेळा डॉक्टरला दाखवून तक्ता कागदावर लिहून घ्या आणि त्याची एक कॉपी क्रूला द्या.

लसी. यलो फीव्हरचं लोकांना शेवटच्या आठवड्यात आठवतं आणि मग माझ्याकडे काही उपाय नसतो. मसाई माराला जाऊन आलात की भारतात परत येताना पिवळं कार्ड, म्हणजे या लसीचा दाखला, लागतं, कारण केनिया यलो फीव्हरच्या देशांच्या यादीत आहे, नसेल तर सहा दिवसांपर्यंत क्वारंटाइन. ते कार्ड लस घेतल्यानंतर १० दिवसांनी लागू होतं, आधी नाही. चांगली गोष्ट म्हणजे जुलै २०१६ पासून ते आयुष्यभर चालतं, एकदाच घ्यायचं. गल्लीतल्या डॉक्टरकडे मिळत नाही, सरकारने ठरवलेल्या केंद्रावरच, आपल्याला सहारची एअरपोर्ट हेल्थ ऑर्गनायझेशन सोयीची, आणि पासपोर्ट बरोबर न्या, कार्डावरचं नाव पासपोर्टशी जुळतंय ना तिथेच उभं राहून तपासा. अंड्याची ॲलर्जी, गरोदरपण, नऊ महिन्यांच्या आतलं बाळ, साठीच्या पुढचं वय असेल तर डॉक्टरला आधी सांगायचं, लस नकोच म्हणाले तर तसं पत्र घ्यायचं. उमराहला जाणाऱ्यांना मेनिन्जायटिसच्या चार प्रकारांवरची लस लागते, ती पण १० दिवस आधी. टायफॉइड, हिपॅटायटिस ए, धनुर्वात हे सगळं एकाच भेटीत विचारून टाका.

आता क्रूसाठी, विशेषतः नवीन लोकांनी हे वाचाच. पॅसेंजरचा इन्शुरन्स असतो, आपला असतो का? मी पाच वर्षं विचारलंच नव्हतं. एका मुक्कामात माझं अपेंडिक्स दुखायला लागलं तेव्हा कळलं की पॉलिसीत परदेश नव्हताच. ऑपरेटरकडून लेखी घ्या, हॉस्पिटलचा खर्च, घरी परत आणायचा खर्च, दोन्ही, आणि पॉलिसी नंबर फोनमध्ये आणि कागदावर पण. शेंगेनला किमान ३० हजार युरोचं कव्हर मागतात, अमेरिकेला जायचं असेल तर तेवढ्यात काहीच होत नाही.

ब्रेथ ॲनालायझरबद्दल: आपल्याकडे क्रूसाठी नियम शून्य अल्कोहोलचा आहे, आणि २०२३ मध्ये डीजीसीएने, म्हणजे विमानवाहतुकीचे नियम करणाऱ्या सरकारी खात्याने, माउथवॉश, टूथ जेल अशा अल्कोहोल असलेल्या गोष्टी पण वापरायच्या नाहीत असं स्पष्ट केलं. पण घरातल्या औषधांकडे लक्ष जात नाही. द्राक्षासव, दशमूलारिष्ट, कुठलंही आसव-अरिष्ट घ्या, ते आंबवून बनतं आणि त्यात अल्कोहोल तयार होतं, होमिओपॅथीचे काही थेंब अल्कोहोलमध्येच असतात, कफ सिरपचं लेबल वाचा. आईने प्रेमाने दिलेलं असतं, तरी ड्यूटीच्या आधी नको. सर्दीच्या, उलटीच्या गोळ्यांनी झोप येते, त्या घेऊन ड्यूटी करायची नाही. आणि नाक बंद असताना उडू नका, उतरताना कानाचा पडदा फाटू शकतो, मी एका सहकाऱ्याला कान धरून रडताना पाहिलंय. दोन्ही पायलटना वेगवेगळं जेवण द्या, एकाला मासे तर दुसऱ्याला डाळ, म्हणजे जेवण बाधलं तरी दोघं एकदम आजारी पडणार नाहीत, हे साधं आहे पण मुक्कामाच्या हॉटेलातही पाळा.

मलेरियाचं तर फारच हलक्यात घेतात, आपल्याला काय, आपण डासातच वाढलो. आफ्रिकेतला मलेरिया जास्त करून फाल्सिपेरम, म्हणजे सगळ्यात धोकादायक प्रकारचा, तो काही दिवसांत जीव घेऊ शकतो, आणि एक रात्र थांबलात तरी एक डास पुरतो. एरोमेडिकल, म्हणजे क्रूची तब्येत तपासणाऱ्या, डॉक्टरला विचारून गोळी ठरवा, डॉक्सिसायक्लिन जायच्या एक-दोन दिवस आधीपासून ते परत आल्यावर चार आठवड्यांपर्यंत घ्यायची असते, भरपूर पाण्याबरोबर, घेऊन लगेच आडवं व्हायचं नाही. मेफ्लोक्विन ही मलेरियाची दुसरी गोळी पायलटनी घ्यायचीच नाही, चक्कर आणि मानसिक त्रास होऊ शकतो. संध्याकाळी ॲप्रनवर, म्हणजे विमानं उभी करायच्या जागेवर, इंधन भरताना उभं राहायचं तर लांब बाह्या.

विमानातलं किट. उडायच्या आधी ते स्वतः उघडा, कुठे आहे एवढं माहीत असून उपयोग नाही. एक्सपायरी बघा, बीपीचं मशीन चालतंय का, ग्लुकोमीटरच्या पट्ट्या आहेत का. एईडी, म्हणजे बंद पडलेल्या हृदयाला शॉक देणारं मशीन, छोट्या जेटमध्ये असेलच असं नाही, बुक करणाऱ्याने विचारावं, आणि असेल तर पॅड आणि बॅटरीची तारीख बघा. हृदय बंद पडल्यावर शॉक न देता गेलेल्या दर मिनिटाला वाचण्याची शक्यता ७ ते १० टक्क्यांनी कमी होते, आणि वरून खाली उतरायलाच वीस-पंचवीस मिनिटं लागतात, हिशोब तुम्हीच करा. छाती दाबायची ती मिनिटाला १०० ते १२० वेळा, पाच-सहा सेंटिमीटर खोल, ३० दाब २ श्वास. छोट्या जेटमध्ये उभं राहता येत नाही, माणूस मधल्या पॅसेजमध्ये झोपवला की बाजूला गुडघे टेकायला जागा नसते, तेव्हा डोक्याच्या बाजूला बसून दाबायचं. हे हँगरमध्ये एकदा खरंच करून बघा, दारं बंद करून, युनिफॉर्ममध्ये.

छातीत दुखतंय म्हटलं की आपल्याकडे पहिला हात जिभेखाली ठेवायच्या सॉर्बिट्रेटच्या गोळीकडे जातो. थांबा. बीपी आधीच कमी असेल तर ती अजून पाडते, आणि सिल्डेनाफिलसारखी (व्हायग्रा) गोळी घेतली असेल तर जीवावर बेतू शकतं, हा प्रश्न चारचौघांत विचारता येत नाही म्हणून कानाजवळ जाऊन विचारा, पण विचारा. ॲस्पिरिन साधारण ३०० मिलिग्रॅम चावून, ॲलर्जी नसेल तर. तोंड वाकडं झालं, हात उचलत नाही, बोलणं अडखळतंय तर ॲस्पिरिन नाही, काही खायला-प्यायला नाही, फक्त घड्याळ बघून किती वाजता सुरू झालं ते लिहा, पुढचा डॉक्टर पहिलं तेच विचारणार. डायबेटिसवाला अचानक घामाघूम, बडबडतोय, तर साखर तपासा, ७० च्या खाली असेल आणि गिळता येत असेल तर तीन चमचे साखर पाण्यात, १५ मिनिटांनी परत तपासा. चक्कर आली तर आडवं करा, पाय वर. बहुतेक वेळा तेवढंच असतं.

आणि जमिनीवरच्या डॉक्टरला फोन. अमेरिकेत फीनिक्सला मेडएअर म्हणून कंपनी आहे, १९८५ मध्ये जोन सुलिव्हन गॅरेट या फ्लाइट नर्सने काढलेली, त्यांच्यासारखी सेवा घेतली असेल तर सॅटेलाइट फोनवरून चोवीस तास इमर्जन्सी डॉक्टर मिळतो. ऑपरेटरने वर्गणी भरलीय का आणि नंबर गॅलीत, म्हणजे विमानाच्या किचनमध्ये, चिकटवलाय का बघा. फोन करताना वय, काय होतंय, कधीपासून, बीपी, नाडी, ऑक्सिजन, साखर, चालू औषधं, ॲलर्जी, एवढं कागदावर लिहूनच करा, कारण आवाज तुटतो. कुठे उतरायचं हे ठरवायला तो डॉक्टर फार कामाचा, जवळच्या एअरपोर्टच्या गावात अँजिओप्लास्टी होत नसेल तर अर्धा तास पुढे जाणं बरं असू शकतं. नैरोबीला जाताना अरबी समुद्रावर असाल तर सलालाह, मस्कत की मागे मुंबई, हा विचार कॅप्टनशी उडायच्या आधीच बोलून ठेवा. शेवटचा निर्णय कॅप्टनचाच. उतरताना पेशंटचा पासपोर्ट, चिठ्ठी, इन्शुरन्सचा कागद एकाच पाकिटात, आणि बरोबर कोण राहणार ते घरच्यांना विमानातच ठरवायला लावा. ॲम्ब्युलन्सचे नंबर: युरोपात ११२, अमेरिकेत ९११, यूएईत ९९८, सिंगापूरला ९९५, जपानमध्ये ११९. कोणाला ३८ अंश सेल्सिअस किंवा जास्त ताप आणि त्याबरोबर पुरळ, सतत खोकला, जुलाब असं काही असेल तर लपवू नका, जनरल डिक्लेरेशन म्हणून विमानाचा जो कागद उतरल्यावर द्यावा लागतो त्यात आरोग्याचा भाग असतो, तिथे ते सांगावं लागतं.

लेदरची सीट पूर्ण आडवी होते म्हणून लोक आठ तास हलत नाहीत. चार तासांपेक्षा लांब प्रवासात पायात रक्ताची गुठळी होण्याचा धोका साधारण दुप्पट होतो, तेव्हा दर तासाला उठा, पाणी प्या, आधी गुठळी झाली असेल तर डॉक्टरने सांगितलेले घट्ट मोजे घाला.

परत आल्यावर पुढचा महिनाभर तरी लक्ष ठेवा. एकाच पोटरीला सूज आणि दुखणं, किंवा अचानक दम लागला, तर चालून चालून दुखलं असेल म्हणून तेल चोळत बसू नका, लगेच हॉस्पिटल. ताप आला तर, पावसाळ्यात आपल्याकडे प्रत्येक ताप डेंगू किंवा व्हायरल समजला जातो, म्हणून डॉक्टरच्या केबिनमध्ये शिरल्या शिरल्या पहिलं वाक्य हे बोला: मी अमुक तारखेला आफ्रिकेतून आलोय, मलेरियाची टेस्ट आजच करा. पहिली टेस्ट निगेटिव्ह आली आणि ताप उतरत नसेल तर दुसऱ्या दिवशी परत करायला सांगा.